गाळाच्या हौदात माणूस उतरवण्याआधी: कंदील, ब्लोअर आणि मीटर यांच्यावर किती विसंबायचं?

साखर कारखान्यातल्या एका तरुण अभियंत्याने विचारलंय: हंगाम संपला, आता ईटीपीतला (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातला) गाळाचा हौद साफ करायचाय. हौद जमिनीखाली, आरसीसीचा, ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल. वर स्लॅब, स्लॅबला दोन मॅनहोल. तळाला फूट-दीड फूट गाळ. ठेकेदाराचा मुकादम म्हणतो, "रात्रभर झाकणं उघडी टाकू, सकाळी कंदील सोडून बघू, ब्लोअर लावू, पोरांना मास्क देऊ. दरवर्षी असंच करतो." कारखान्याकडे चार वायूंचा एक मीटर आहे. एवढं पुरे का? आणि त्याच आठवड्यात डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या टाकीत) वेल्डिंगसाठी उतरायचंय, तिथेही हीच पद्धत चालेल का?

दोन्ही ठिकाणी चालणार नाही. आणि दोन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि शहरातले सांडपाणी प्रकल्प अशा ठिकाणी सुरक्षा अधिकारी म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मुकादम जे म्हणतोय ते मी अनेक मुकादमांच्या तोंडून ऐकलंय. तो खोटं बोलत नाही. दरवर्षी तो असंच करतो आणि आजवर त्याची माणसं वर आली, हेही खरं असेल. पण त्यातून हौद सुरक्षित होता एवढं सिद्ध होत नाही.

आधी कंदिलाचं. कंदील विझतो तो हवेतला ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५च्या खाली गेला की माणसाला उतरवायचं नाही असा जगभरचा संकेत आहे. म्हणजे १७ ते १९.५ या पट्ट्यात कंदील छान तेवत राहतो. त्याहून वाईट म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा वायू ७०० पीपीएमच्या आसपास असेल तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळू शकतो. ७०० पीपीएम म्हणजे हवेचा फक्त ०.०७ टक्के. कंदिलाच्या ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि हौदात मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तुम्ही तपासणी करत नसून काडी लावताय. तेव्हा कंदील, मेणबत्ती, पेटता बोळा हे सगळं आजपासून बंद. मुकादमाला हे समोर बसवून, आकडे दाखवून सांगा. नुसतं "नियमात बसत नाही" म्हटलं तर तुमची पाठ वळल्यावर तो परत कंदील सोडेल.

रात्रभर झाकणं उघडी टाकण्याचा फायदा फार थोडा. मिथेन हवेपेक्षा हलका, तो बराचसा निघून जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या सुमारे १.२ पट जड आणि कार्बन डायऑक्साइड दीडपट जड. दोन फुटी भोकातून ते आपणहून वर चढून येत नाहीत. झाकणं उघडी टाकायचीच असतील तर भोवती कठडे आणि रात्रीचा पहारा ठेवा, नाहीतर अंधारात कुणीतरी त्यात पडेल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नात सगळा भर उतरण्याआधीच्या तपासणीवर आहे. गाळाच्या हौदात हवा बिघडते ती मुख्यतः उतरल्यावर, कारण बिघडवणारं काम आपणच करत असतो.

गाळात काय चालतं ते पाहा. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात साखर असते, सेंद्रिय माल असतो, आणि गंधकाची प्रक्रिया वापरणारा कारखाना असेल तर सल्फेटही असतं. हवा न लागणाऱ्या तळात जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीतून निघणारं सांडपाणी, मिसळत असेल तर आणखीच. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमध्ये हा वायू काही टक्क्यांत असतो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. हा वायू पाण्यात विरघळतो, गाळात बुडबुड्यांनी अडकून राहतो. वर पातळ पापुद्रा धरलेला असतो. गाळ शांत आहे तोवर वरची हवा स्वच्छ दिसते. फावडं घातलं की साठलेला सगळा वायू एकदम सुटतो, आणि फावडं मारणाऱ्या माणसाचं नाक त्या वेळी गाळापासून हातभरावर असतं.

एका हौदावर मी स्वतः मीटर घेऊन उभा होतो. सकाळी वर, मध्ये, तळाशी, तिन्ही थरांत हायड्रोजन सल्फाइड शून्य. ऑक्सिजन २०.९. कागदावर सगळं उत्तम. माणूस उतरवण्याआधी वारा येतो त्या बाजूला उभं राहून लांब बांबूने गाळ ढवळून बघायचा, असा माझा शिरस्ता आहे. बांबू खुपसला, दोन हेलकावे दिले, काळे बुडबुडे वर आले. नळीतून हवा मीटरपर्यंत यायला लागतो तेवढा वेळ गेला आणि मीटर कोकलायला लागला. आकडा बघता बघता १००च्या पुढे गेला. शेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी तो आकडा पाहिला, आणि त्यानंतर मला त्यांना समजावून सांगायला फार काही उरलं नाही. ही ढवळून तपासणी तुम्हीही करा, आणि ती त्या माणसांच्या देखत करा.

किती थोड्या वायूने काम तमाम होतं, याचा हिशोब तुमच्याच हौदावर मांडू. ६ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ७२ घनमीटर हवा. हायड्रोजन सल्फाइडची १०० पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोका मानली जाते. ७२ घनमीटरमध्ये १०० पीपीएम म्हणजे ७.२ लिटर वायू, वजनाने जेमतेम १० ग्रॅम. टनावारी गाळातून १० ग्रॅम सुटायला कितीसा वेळ लागणार?

याच पातळीला नाकही दगा देतं. कुजक्या अंड्याचा वास एक पीपीएमच्याही खाली येतो, म्हणून लोकांना वाटतं की वास येईल तेव्हा बाहेर पडू. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होतं. "मघाशी वास येत होता, आता गेला" असं आतून कुणी म्हणालं तर तो दिलासा समजू नका. त्याला त्याच क्षणी वर घ्या.

आता ब्लोअर. ब्लोअर हवाच, पण त्याचंही गणित करा. बंदिस्त जागेसाठी तासाला २० वेळा हवा बदलावी असा सर्वसाधारण आडाखा आहे. तुमच्या हौदाला ७२ गुणिले २०, म्हणजे तासाला १,४४० घनमीटर. बाजारात सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) मागाल तर सुमारे ८५०. ब्लोअरच्या पाटीवर लिहिलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. लांब लवचीक डक्ट, त्याला दोन वळणं, कुठे चुरगळलेला, की प्रत्यक्ष हवा निम्म्यावर येऊ शकते. म्हणून डक्टच्या शेवटच्या तोंडाशी हवेचा वेग मोजा. १२ इंची डक्ट असेल तर १,४४० घनमीटरसाठी तिथे सेकंदाला सुमारे ५.५ मीटर वेग मिळायला हवा. अॅनिमोमीटर महाग नसतो, एकदा घेऊन ठेवा.

डक्टचं तोंड तळापासून हात-दीड हातावर न्या. मॅनहोलच्या तोंडाशीच डक्ट सोडला तर हवा आत शिरते आणि तिथल्या तिथे बाहेर पडते, तळ तसाच राहतो. तुमच्याकडे दोन मॅनहोल आहेत ही जमेची बाजू. एकातून हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. हवा नीट मिसळत असेल तर एकदा बदलल्यावर आधीच्या वायूचा ३७ टक्के भाग उरतो, तीनदा बदलल्यावर ५ टक्के, पाचदा बदलल्यावर एक टक्क्याहून कमी. तासाला २० बदल म्हणजे पाच बदलांना १५ मिनिटं. कोपऱ्यात हवा मिसळत नाही हे धरून मी निदान अर्धा तास ब्लोअर चालवल्याशिवाय मीटर लावत नाही. ब्लोअरचं ओढणारं तोंड कुठे आहे ते बघा. शेजारी जनरेटर धूर सोडत असेल तर तुम्ही आत कार्बन मोनॉक्साइड भरताय. आणि हवा ताजी करायची म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडायचा नाही, कधीच नाही. वाढलेल्या ऑक्सिजनमध्ये तेलकट कपडा ठिणगीसरशी पेट घेतो.

इतकं सगळं केल्यावरही ब्लोअर काय करू शकत नाही ते पाहा. समजा गाळ उपसताना मिनिटाला १० ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड सुटतोय. तुमचा ब्लोअर मिनिटाला २४ घनमीटर हवा देतोय. ७.२ लिटर वायू २४,००० लिटर हवेत, म्हणजे हौदात पातळी राहील ३०० पीपीएमच्या घरात, ब्लोअर पूर्ण ताकदीने चालू असताना. गाळ ढवळला जात असेपर्यंत ब्लोअरवर विसंबून माणूस आत ठेवता येत नाही. म्हणून माझं उत्तर हे की गाळ काढायला माणूस उतरवूच नका.

सक्शन टँकर आणि जेटिंग पंप बोलवा. मॅनहोलमधून उच्च दाबाचं पाणी मारून गाळ पातळ करा, तो सक्शन पाइपने ओढा, परत पाणी मारा, परत ओढा. तीन-चार वेळा असं केलं की तळाला जे उरतं ते थोडं आणि धुतलेलं असतं. मग ब्लोअर, मग मीटर, आणि मगच कोपरे साफ करायला किंवा डागडुजीला माणूस. या कामाला एक दिवस जास्त लागतो आणि टँकरचं भाडं पडतं, एवढाच फरक. एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही: टँकरचा व्हॅक्यूम पंप हौदातून ओढलेला वायू आपल्या एक्झॉस्टमधून बाहेर टाकतो, आणि तो एक्झॉस्ट बहुधा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. टँकर वारा जातो त्या बाजूला उभा करा, त्याच्या मागे कुणाला बसू देऊ नका. हौदाच्या दुसऱ्या मॅनहोलमधून जी हवा बाहेर पडते तिच्यापाशीही कुणी विडी ओढत बसता कामा नये. पाणी उपसायला पेट्रोल किंवा डिझेलचा पंप आत उतरवायचा नाही. विहिरीत इंजिन सोडून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या गावोगावच्या आहेत.

मीटरविषयी. चार वायूंचा मीटर म्हणजे ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. आकडे याच क्रमाने बघायचे. आधी ऑक्सिजन, कारण नेहमीच्या मीटरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर आतल्या तारेवर वायू जाळून मोजतो. ऑक्सिजनच कमी असेल तर जळणार काय? अशा वेळी तो कमी किंवा शून्यही दाखवू शकतो आणि ते शून्य खोटं असतं. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांहून कमी, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत, कार्बन मोनॉक्साइड ३५च्या आत, या माझ्या उतरण्याच्या अटी. पण शून्याऐवजी ४ किंवा ५ पीपीएम दिसत असेल तरी मी थांबतो आणि तो कुठून येतोय ते शोधतो. न ढवळलेल्या हौदात ५ असेल तर ढवळल्यावर काय होईल याचा अंदाज वर आलाच आहे.

मीटर दोरीला बांधून खाली सोडला आणि वर ओढून वाचला असं करू नका. पंप आणि नळी वापरा. प्रत्येक मीटरभर खोलीला थांबा. नळीतून हवा वर यायला वेळ लागतो, सेन्सरला स्थिर व्हायला वेळ लागतो. दोन मिनिटं आणि वर नळीच्या लांबीचा वेळ धरा. नळीच्या टोकाला पाणी अडवणारा फिल्टर असू द्या, नाहीतर एकदा गढूळ पाणी आत गेलं की मीटर त्या दिवसापुरता संपला.

त्या दिवशी सकाळी मीटरची बंप टेस्ट झाली का हे विचारा. म्हणजे ज्ञात प्रमाणाचा वायू सिलिंडरमधून सोडून चारही अलार्म वाजतात का ते पाहणं. काही जण मीटरवर फुंकर मारतात, अलार्म वाजतो, आणि म्हणतात मीटर ठीक आहे. उच्छ्वासात ऑक्सिजन १६-१७ टक्केच असतो म्हणून ऑक्सिजनचा अलार्म वाजला. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर मेलेला आहे की जिवंत हे त्यातून कळत नाही. बंद पडलेला सेन्सर आणि स्वच्छ हवा, दोन्ही पडद्यावर शून्यच दाखवतात.

एक मीटर पुरणार नाही. तपासणी झाली की मीटर सुपरवायझरच्या खिशात जातो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. आत असलेल्या माणसाच्या छातीवर, नाकाजवळ, मीटर चालू असला पाहिजे, सगळा वेळ. दुसरा बाहेर उभ्या असलेल्याकडे. भाड्याने आणा, शेजारच्या कारखान्याकडून आणा, पण दोन हवेत. आत गेलेल्याला सांगा, अलार्म वाजला की हातातलं सोडून वर यायचं, वर येऊन विचारायचं. जो वर आला त्याला कुणी रागावायचं नाही, त्याची हजेरी कापायची नाही. बहुतेक वेळा आत उतरणारी माणसं रोजंदारीवरची, परगावची, ज्यांना "नाही" म्हणणं परवडत नाही अशी असतात. त्यांनी मीटरवर विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आधी तुमच्यावर विश्वास बसला पाहिजे.

मास्कबद्दल थोडक्यात. कापडी मास्क, धुळीचा मास्क, ओला रुमाल यांचा वायूवर परिणाम शून्य. काडतुसाचा मास्क वायू गाळतो पण ऑक्सिजन बनवत नाही, आणि पातळी किती चढेल माहीत नसताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही. हवा खात्रीची नसेल तर पाठीवरचा हवेचा सिलिंडर किंवा बाहेरून नळीने येणारी शुद्ध हवा, हे दोनच पर्याय. पाठीवर सिलिंडर बांधलेला माणूस तुमच्या मॅनहोलमधून जातो का, हे त्या दिवशी नव्हे, आदल्या दिवशी करून पाहा.

फर्मेंटरकडे वळू, कारण तिथे हाच मीटर तुम्हाला फसवेल.

किण्वनात एक किलो साखरेमागे जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे अडीचशे लिटरहून अधिक. तो जड असल्याने रिकाम्या फर्मेंटरच्या तळाशी, आडव्या पाइपांत, खळग्यांत बसून राहतो. चार वायूंच्या मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतो. लोक म्हणतात, तो वाढला की ऑक्सिजन कमी होईल आणि अलार्म वाजेल. वाजेल, पण कधी? कार्बन डायऑक्साइड हवेत शिरतो तेव्हा तो नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांनाही ढकलतो. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असताना ऑक्सिजन २०.९ चा १९.९ होतो. मीटर गप्प. ४ टक्क्यांची पातळीच जिवाला तत्काळ धोका मानली जाते. अलार्म १९.५ला वाजेल तेव्हा कार्बन डायऑक्साइड ६.७ टक्क्यांच्या आसपास पोचलेला असेल. तोवर माणसाला धाप लागलेली असते, डोकं गरगरत असतं, आणि शिडी चढायचं भान राहिलेलं नसतं. कंदील तर त्याहूनही उशिरा विझतो. तेव्हा फर्मेंटरसाठी इन्फ्रारेड सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर वेगळा लागेल. ०.५ टक्के म्हणजे ५,००० पीपीएमच्या वर असेल तर ब्लोअर चालू ठेवा, वाट बघा.

वेल्डिंग म्हणजे पुन्हा कामातूनच बिघडणारी हवा. स्टेनलेस स्टीलवर आर्गनचं वेल्डिंग करणार असाल तर आर्गन हवेपेक्षा जवळपास ३८ टक्के जड आहे, तळाशी साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. धूर आणि आर्गन दोन्ही वेल्डिंगच्या ठिकाणाजवळूनच ओढून बाहेर टाकायला एक्झॉस्टचा डक्ट लावा, आणि ताजी हवा दुसऱ्या बाजूने द्या. जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगची टॉर्च आत ठेवून वर येऊ नका. वॉल्व्ह थोडा गळत असला तरी तासाभरात तळ भरतो. सिलिंडर तर कायम बाहेरच. आतल्या दिव्याला २४ व्होल्टहून जास्त दाब नको, हे कारखाने अधिनियम १९४८मध्येही लिहिलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीचं हौदालाही लागू आहे. दुपारी माणसं वर येतात, डिझेल वाचवायला कुणीतरी ब्लोअर बंद करतो, तासाने तीच माणसं तशीच खाली उतरतात. सकाळी दिलेला उतरण्याचा लेखी परवाना दुपारी शिळा झालेला असतो. सुट्टीनंतरचं उतरणं नवीन उतरणं समजा: ब्लोअर, तिन्ही थर, ढवळून तपासणी, नवी नोंद.

आणखी एक, जे हवेशी संबंधित वाटत नाही पण असतं: पाइप. हौदाला येणाऱ्या प्रत्येक लाइनवर नुसता वॉल्व्ह बंद करून थांबू नका. वॉल्व्ह गळतो, किंवा पलीकडच्या पाळीतला ऑपरेटर तो उघडतो. फ्लँज (पाइपचा जोड) सोडून ब्लाइंड, म्हणजे पाइप बंद करणारी भरीव चकती, लावा, पंपाच्या स्विचला कुलूप घालून चावी उतरणाऱ्याच्या खिशात द्या. शेजारच्या टाकीचा वायू ओव्हरफ्लोच्या पाइपमधून तुमच्या हौदात येतो, ही वाट हमखास विसरली जाते.

आता बाहेर उभ्या राहणाऱ्याविषयी. २०२४च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाकडी गावात विहिरीत पडलेलं मांजर काढायला एक जण उतरला. ती विहीर बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरात होती. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, त्याच्या कमरेला दोर होता. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ सालीच इशारा दिला होता की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. भाऊ आत पडलेला दिसत असताना बाहेर उभं राहणं माणसाच्या स्वभावात नाही. म्हणून ते स्वभावावर सोडायचं नाही. आत न जाता वर ओढता येईल अशी सोय आधीच बांधून ठेवायची.

मॅनहोलवर तिपाई, तिला विंच, विंचची दोरी आतल्या माणसाच्या पूर्ण अंगाच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत, उतरल्यापासून वर येईपर्यंत अडकवलेली. कमरेचा पट्टा नको; बेशुद्ध माणूस त्यातून निसटतो किंवा आडवा होऊन मॅनहोलला अडकतो. काम सुरू करण्याआधी ७०-८० किलोची वाळूची पोती हार्नेसला बांधून तळातून वर ओढून बघा, घड्याळ लावून. तालुक्याच्या गावाहून अग्निशमन दल यायला अर्धा तास लागेल. मेंदू ऑक्सिजनशिवाय चारेक मिनिटं तग धरतो. या दोन आकड्यांमधलं अंतर ती तिपाई भरून काढते. बाहेरच्या माणसाला त्या वेळात दुसरं काम सांगायचं नाही, चहा आणायला पाठवायचं नाही. आत कोण, किती वाजता गेलं, याची वही त्याच्याकडे. आणि त्याला तोंडी व लेखी दोन्ही बजावायचं: काहीही झालं तरी तू आत जायचं नाहीस.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण ठेकेदार "जबाबदारी आमची" म्हणेल म्हणून सांगतो. कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ३६मध्ये हे स्पष्ट लिहिलं गेलं: पुरेसं मोठं मॅनहोल, वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय, आणि त्यावर एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून दिलेला लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा, ज्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. त्या कायद्याची जागा आता कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याविषयीच्या २०२०च्या नव्या संहितेने घेतली आहे. ठेका दिला म्हणून भोगवटादाराची, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याची, मान सुटत नाही. हाउसिंग सोसायटीचा सेप्टिक टँक असेल तर गाठ २०१३च्या हाताने मैला साफ करण्यावरील बंदीच्या कायद्याशी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली आहे. पण खरं सांगू का, परवान्याचा कागद चहाच्या टपरीवर बसून भरला जात असेल तर कायदा कुठलाही असो, उपयोग नाही. कागद मॅनहोलच्या काठावर, मीटरचा आकडा डोळ्यांसमोर असताना भरा, आणि खाली उतरणाऱ्याला तो आकडा वाचायला लावून मग त्याची सही घ्या.

काम संपल्यावर माणसं मोजा, हत्यारं मोजा, मगच झाकण लावा. आणि हौद रिकामा आहे तोवर सिव्हिल विभागाला बोलावून तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे खड्डा करून घ्या, त्या खड्ड्यातून वर स्लॅबपर्यंत सक्शनचा कायमचा पाइप बसवा, तोंडाला टँकरची नळी जोडता येईल असं कपलिंग द्या. एका ऑफ सीझनमध्ये होणारं काम आहे. पुढच्या हंगामानंतर गाळ वरूनच निघेल आणि त्या हौदात उतरायची पाळी फार क्वचित येईल.